पांढऱ्या सोन्याचा कैदी

रशियन माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पहिलं नाव येतं ते आयरोडोव्हचं! बारावीच्या वर्षी ज्याने आपली झोप उडवली तोच तो. मी मात्र आज तुम्हाला दुसऱ्याच एका रशियनाची गोष्ट सांगणार आहे. त्याचं नाव दिमित्री इवानोविच विनोग्रादोव. शिक्षणाने आपल्यासारखाच इंजिनिअर, तोही खाणकामाचा. रशियात त्याला चिनी मातीच्या भांड्यांचा जनक मानतात. आपल्याकडे त्याला कुणी ओळखत नाही, आणि खरं सांगायचं तर दीड वर्षापूर्वीपर्यंत मीही ओळखत नव्हतो.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी शिरड शहापूरचा. वसमतहून औंढा नागनाथला जाताना रस्त्यात लागतं ते. मल्लिनाथाच्या जैन मंदिरामुळे बाहेरगावचे लोक येतात, बाकी गाव म्हणजे हळद, सोयाबीन आणि कापूस. आमचं घर कुंभाराचं. आजोबा अजून चाकावर बसतात. संक्रांतीची सुगडं, नवरात्राचे घट, पोळ्याचे बैल आणि उन्हाळ्यातले माठ, एवढ्यावर आमचं वर्ष चालायचं. वडिलांनी चाक सोडलं, मी तर कधी धरलंच नाही. मला इंजिनिअर व्हायचं होतं ना!

तर झालं असं, की मटेरियल सायन्सच्या सेमिनारला माझ्या वाट्याला सिरॅमिक्स आलं. आडनाव बघून सरांनी दिलं की काय कोण जाणे. मी आठ-दहा स्लाईड केल्या. सुरुवातीला शोभेसाठी एका जुन्या रशियन जेवणाच्या प्लेटचं चित्र टाकलं. पांढरीशुभ्र प्लेट, काठाने नारिंगी आणि काळ्या पट्ट्यांची रेशमी फीत वळत गेलेली, मधोमध सोनेरी तारा. फीत इतकी हुबेहूब रंगवलेली की बोटाने उचलावीशी वाटते. सरांनी सगळ्या स्लाईड शांतपणे बघितल्या आणि शेवटी एकच प्रश्न विचारला, की ही प्लेट आहे कुणाची आणि हा तारा कसला? मला काही सांगता आलं नाही. वर्ग हसला. त्या रात्री हॉस्टेलवर मी शोधायला बसलो आणि शोधता शोधता विनोग्रादोव सापडला.

विनोग्रादोवचा जन्म साधारण १७२० सालचा, सुझ्दल नावाच्या जुन्या गावातला. वडील धर्मगुरू. मुलगा हुशार निघाला म्हणून त्याला मॉस्कोच्या अकादमीत शिकायला घातलं. तिथे त्याला एक मित्र भेटला, वयाने आठ-नऊ वर्षांनी मोठा, उत्तरेकडच्या मच्छीमाराचा पोरगा. नाव मिखाईल लोमोनोसोव्ह. होय, तोच लोमोनोसोव्ह, ज्याचं नाव वस्तुमान अक्षय्यतेच्या नियमाच्या संदर्भात लव्हॉझिएच्या बरोबरीने घेतात.

१७३६ मध्ये पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीने तीन विद्यार्थी निवडून जर्मनीला पाठवले. लोमोनोसोव्ह, विनोग्रादोव आणि तिसरा रायझर. रशियाला खाणी आणि धातू जाणणारी माणसं हवी होती. आधी मारबुर्गला क्रिस्टियान वोल्फ या तत्त्वज्ञाकडे गणित आणि भौतिकी, मग फ्रायबर्गला हेंकेलकडे खाणकाम आणि रसायन असा बेत होता. थोडक्यात सरकारी खर्चाने परदेशी शिक्षण! पण हॉस्टेलची पोरं सगळ्या काळात सारखीच असावीत. मारबुर्गला तिघांनी इतकी उधारी करून ठेवली की निघताना बिचाऱ्या वोल्फलाच निस्तरावं लागलं. दारू, भांडणं, द्वंद्वयुद्धं, काही बाकी ठेवलं नाही. विनोग्रादोव यात मागे नव्हता. पुढे हीच सवय त्याला भोवली, म्हणून मुद्दाम सांगतोय.

फ्रायबर्गला लोमोनोसोव्हचं हेंकेलशी वाजलं आणि १७४० मध्ये तो निघून गेला. विनोग्रादोव राहिला. खाणीत उतरला, धातुकं गाळली, भट्ट्या बघितल्या. फ्रायबर्ग सॅक्सनी राज्यात येतं, आणि त्याच राज्यात, फार लांब नाही, माइसेन नावाचं गाव आहे. आता माइसेनची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

त्या काळात खरं पोर्सिलेन चीन, जपान अशा पूर्वेकडच्या देशांतच व्हायचं. आपण ज्याला सरळ चिनी माती म्हणतो तेच. पातळ, पांढरं, उजेडासमोर धरलं तर बोटांची सावली दिसते, टिचकी मारली तर घंटेसारखं वाजतं. युरोपातले राजे त्यासाठी वेडे झाले होते. सॅक्सनीच्या ऑगस्टस राजाने १७१७ मध्ये चिनी मातीच्या १५१ नगांच्या बदल्यात शेजारच्या प्रशियाच्या राजाला आपले ६०० घोडेस्वार सैनिक देऊन टाकले! याच राजाने बोटगर नावाच्या किमयागाराला कोंडून ठेवलं होतं. आधी सोनं कर म्हणून, ते जमेना तेव्हा पोर्सिलेन कर म्हणून. बोटगर आणि चिर्नहाउस या शास्त्रज्ञाने मिळून १७०८ च्या सुमारास ते साधलं, आणि १७१० पासून माइसेनच्या किल्ल्यात कारखाना सुरू झाला. किल्ला यासाठी, की गुपित बाहेर जाऊ नये. तिकडे या भांड्यांना पांढरं सोनं म्हणत. आपल्या मराठवाड्यात पांढरं सोनं म्हणजे कापूस. दोन्हीकडे पिकवणाऱ्याच्या हाती काय राहतं, हा प्रश्न सारखाच आहे.

गुपित कसलं होतं, ते आपल्या भाषेत सांगतो. आजोबांचा माठ भाजतो सातशे-आठशे अंश सेल्सिअसला, फार तर नऊशे. तेवढ्या उष्णतेत माती पक्की होते पण तिच्यात बारीक छिद्रं राहतात. त्या छिद्रांतून पाणी पाझरतं, उडून जातं आणि माठातलं पाणी गार होतं. म्हणजे माठाचा दोष हाच त्याचा गुण! पोर्सिलेनला तसं चालत नाही. त्याला पांढरी केओलीन माती लागते, गारगोटीचं म्हणजे क्वार्ट्झचं पीठ लागतं, आणि या दोघांना वितळवून जोडणारं तिसरं काहीतरी लागतं. मग तेराशे-चौदाशे अंशांची भट्टी. तिथे अर्धी वस्तू काचेसारखी वितळते, उरलेली सांगाड्यासारखी उभी राहते. थोडं कमी तापलं तर कच्चं, थोडं जास्त तापलं तर प्लेट वाकून पापडासारखी होते. शिवाय भाजताना वस्तू सहाव्या भागाइतकी आकसते. प्रमाण चुकलं की तडा. थर्मोकपल नाही, पायरोमीटर नाही. ज्वाळेचा रंग बघायचा आणि देवाचं नाव घ्यायचं.

१७४४ मध्ये रशियाच्या गादीवर पीटर द ग्रेटची मुलगी एलिझाबेथ होती. तिलाही स्वतःचं पोर्सिलेन हवं होतं. तिच्या दरबाराने हुंगर नावाच्या एका कारागिराशी करार केला. हा हुंगर मूळचा माइसेनचा, सोन्याचा मुलामा चढवणारा. माइसेनमधून पळून तो व्हिएन्नाला गेला, तिथून व्हेनिसला, आणि सगळीकडे गुपित आपल्याला ठाऊक आहे असं सांगून पैसे घेत फिरला. पीटर्सबर्गबाहेर नेव्हा नदीच्या काठी कारखाना निघाला. नुकताच जर्मनीहून परतलेला, परीक्षा देऊन बर्गमेस्टर ही खाण-अधिकाऱ्याची पदवी मिळवलेला विनोग्रादोव हुंगरच्या हाताखाली दिला गेला. काम काय, तर याच्याकडून सगळं शिकून घे.

शिकणार काय, कपाळ! हुंगरला चिनी मातीतलं ओ की ठो येत नव्हतं. आज माती वाईट, उद्या भट्टी वाईट, परवा लाकूड ओलं. तीन-चार वर्षांत त्याने जेमतेम पाच-सहा कप काढले, तेही वाकडे आणि काळपट. शेवटी १७४८ मध्ये त्याला काढून टाकलं. पण त्याआधीच विनोग्रादोवने ओळखलं होतं की इथे शिकवणारं कुणी नाही. त्याने आपल्या पद्धतीने सुरुवात केली होती.

मला या माणसाचा सगळ्यात आवडलेला भाग हाच. त्याच्या हाती माइसेनचा फॉर्म्युला नव्हता. होती ती खाणकामाची विद्या आणि प्रयोगाची शिस्त. मॉस्कोजवळच्या गझेलची पांढरी माती मागवली. ओलोनेत्सकडची गारगोटी मागवली. माती किती वेळा धुवायची, गारगोटी किती बारीक दळायची, कोणतं प्रमाण, सगळं एकेक बदलून बघितलं. वितळवून जोडणारं तिसरं द्रव्य म्हणून त्याने अलाबास्टर, म्हणजे जिप्समचाच एक प्रकार वापरला. पुढे सगळीकडे फेल्डस्पार वापरू लागले, पण याने आपल्या देशात मिळतं त्यातून काम भागवलं. भट्टीचे आकार बदलले. लाकूड कोणतं जाळायचं तेसुद्धा तपासलं. १७४७ च्या आसपास त्याला बरे नमुने मिळू लागले. १७४९ चा एक छोटा, बिनकानाचा कप आजही आहे, त्यावर द्राक्षाची वेल उठवलेली आहे आणि खाली डब्ल्यू हे अक्षर. विनोग्राद म्हणजे रशियनमध्ये द्राक्ष! आपल्या नावावर त्याने केलेला हा विनोद असेल का? मला तरी तसं वाटतं.

सुरुवातीला भट्टी लहान होती, त्यामुळे मोठ्या वस्तू होत नव्हत्या. मग तपकिरीच्या डब्या करायचे. त्या डब्या पत्राच्या पाकिटासारख्या, वर पत्ता रंगवलेला, लाखेचा शिक्का रंगवलेला. राणी त्या भेट म्हणून देत असे. १७५६ च्या सुमारास मोठी भट्टी जमली आणि जेवणाच्या प्लेट्स शक्य झाल्या. एलिझाबेथसाठी खास डिनर सेट निघाला. पांढऱ्या भांड्यावर उठावाची सोनेरी जाळी, आणि जाळी जिथे जिथे जुळते तिथे जांभळट-गुलाबी छोटं फूल.

एवढं केल्यावर माणसाचा सत्कार व्हायला हवा होता. झालं उलटं. कारखाना राणीच्या कचेरीचा सचिव बॅरन चेर्कासोव्ह याच्या ताब्यात होता. त्याला दोन भीती होत्या. एक, विनोग्रादोव दारू पितो. दोन, हे गुपित आता फक्त याच्या डोक्यात आहे, हा मेला किंवा पळाला तर सगळं गेलं. दारूचं खोटं नव्हतं. भट्टी फसली की तो दिवस दिवस पीत असे आणि भांडत असे. चेर्कासोव्हने आधी पगार अडवला. मग त्याची तलवार काढून घेतली. त्या काळी अधिकाऱ्याची तलवार काढणं म्हणजे चारचौघांत इज्जत काढणं. मग पहारा बसवला. ख्वोस्तोव नावाचा कर्नल त्याच्यावर नजर ठेवायला नेमला. आणि शेवटी साखळी. ज्याने रशियाला पोर्सिलेन दिलं त्याला त्याच्याच भट्टीजवळ साखळीने बांधून ठेवलं. तिथेच काम, तिथेच झोप.

हे वाचलं तेव्हा मला बोटगर आठवला. तिकडे सॅक्सनीत जे झालं तेच चाळीस वर्षांनी इकडे. आज आमच्या औंढा तालुक्यात लायगोची वेधशाळा उभी राहते आहे आणि तिच्या यंत्रांचे आराखडे अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी आपल्याला देऊ केलेत. त्या काळात ज्ञान असलेल्या माणसाला कुलूप लावत. अर्थात आजही सगळंच उघडं असतं असं नाही, पेटंटवाले मित्र सांगतील.

साखळीत असतानाही त्याला आणखी एक काम दिलं होतं, की जे जे ठाऊक आहे ते लिहून दे. आधी तो आपल्या टिपणवह्या सांकेतिक भाषेत लिहीत असे. लॅटिन, जर्मन, हिब्रू अशा भाषांतले शब्द मिसळून, दुसऱ्याला कळू नये म्हणून. ते त्याचं एकमेव भांडवल होतं. ते कागदावर आलं की त्याची गरज संपली, हे त्याला कळत नसेल का? तरी त्याने लिहिलं. १७५२ मध्ये रशियात शुद्ध पोर्सिलेन कसं बनवतात यावर त्याचा ग्रंथ तयार होत होता. माती धुण्यापासून भट्टीपर्यंत, झिलई, रंग, सगळं. शिकाऊ पोरंही तयार केली, त्यांतला निकिता वोइनोव्ह पुढे त्याचं काम सांभाळणारा ठरला. ऑगस्ट १७५८ मध्ये विनोग्रादोव आजारी पडून वारला. वय जेमतेम अडतीस. हस्तलिखित कचेरीत पडून राहिलं आणि लोकांसमोर नीट आलं ते विसाव्या शतकात.

आता सरांच्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते अजून द्यायचं राहिलंय. ती प्लेट विनोग्रादोवच्या कारखान्याची नाही. त्याच्या मागे कॅथरीन गादीवर आली. १७६५ मध्ये तिने कारखान्याला शाही नाव दिलं. पुढच्याच वर्षी फ्रान्सिस गार्डनर या इंग्रज व्यापाऱ्याने मॉस्कोजवळ वेर्बिल्की या गावी खाजगी कारखाना काढला. गुपित आता गुपित राहिलं नव्हतं. १७७७ मध्ये कॅथरीनने गार्डनरला मोठी ऑर्डर दिली. रशियात शौर्य आणि सेवेसाठी जे मानाचे किताब दिले जात, त्या प्रत्येकाचा वर्षातून एक दिवस असे आणि त्या दिवशी हिवाळी महालात त्या मानकऱ्यांना जेवण असे. त्या जेवणासाठी किताबागणिक वेगळी भांडी. सेंट जॉर्जच्या किताबाची ८० जणांसाठी, अलेक्झांडर नेव्हस्कीची ४०, सेंट अँड्र्यूची ३०. नंतर नव्या निघालेल्या सेंट व्लादिमीर किताबासाठी १४० जणांचा सेट झाला, तो १७८५ पर्यंत पुरा झाला. माझ्या स्लाईडवरची नारिंगी-काळी फीत सेंट जॉर्जची, आणि मधला तारा त्याच किताबाचा. अँड्र्यूच्या प्लेटवर दुतोंडी गरुड आणि काठाने किताबाची साखळी फिरवलेली. दुतोंडी गरुड म्हणजे आपल्याकडचा गंडभेरुंड समजा, कर्नाटक सरकारच्या बोधचिन्हावर असतो ना, त्याचा लांबचा भाऊ.

मानकऱ्याने ज्या फितीचा किताब छातीवर घातला, तीच फीत त्याच्या ताटाच्या काठावर. कल्पना भारीच म्हणायची. आणि अशी प्लेट रंगवणं सोपं नसतं बरं का. झिलईवर रंग चढवला की पुन्हा भाजावं लागतं. प्रत्येक रंगाची उष्णता वेगळी, म्हणून जास्त उष्णतेचे आधी आणि नाजूक नंतर, सोनं सगळ्यांत शेवटी. सोनं भट्टीतून मंद निघतं, मग अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घासून चमकवतात. चिन्हात चूक चालत नाही. फुलाची पाकळी इकडची तिकडे झाली तर कुणी विचारणार नाही, पण किताबाच्या फितीचा पट्टा चुकला तर राणी विचारेल! त्या सेटमधली भांडी पुढची शंभर वर्षं फुटत गेली आणि शाही कारखाना तशीच नवी करून भर घालत राहिला. म्हणजे गार्डनरच्या सेटमध्ये विनोग्रादोवचा कारखाना शेवटी आलाच.

१९१७ ला क्रांती झाली. गोदामात बिनरंगवलेल्या पांढऱ्या प्लेट्सचा मोठा साठा होता, पाठीवर झारचा शिक्का असलेला. क्रांतिकारकांनी शिक्क्यावर रंगाचा ठिपका मारून तो झाकला आणि पुढच्या बाजूला विळा-हातोडा रंगवला. प्लेट तीच! १९२५ मध्ये कारखान्याला शास्त्रज्ञाचं नाव द्यायचं ठरलं, आणि नाव दिलं लोमोनोसोव्हचं. लोमोनोसोव्ह थोर होता यात वादच नाही, काचेवर आणि पोर्सिलेनवर त्यानेही प्रयोग केले होते. पण त्या कारखान्याची माती मळली ती त्याच्या मित्राने. ऐंशी वर्षं ते नाव राहिलं, २००५ मध्ये पुन्हा शाही झालं. विनोग्रादोवचं नाव कारखान्याला कधीच लागलं नाही.

सरांना हे सगळं जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, की तुझ्या आजोबांच्या मातीचं प्रमाण काय? पुन्हा मला सांगता आलं नाही. या वेळी वर्ग नव्हता, त्यामुळे हसलं कुणी नाही. पण मलाच जास्त लागलं.

पोळ्याला गावी गेलो तेव्हा वही घेऊन आजोबांच्या शेजारी बसलो. तळ्याची माती किती, लीद किती, राख किती? त्यांनी हात उडवला. असं काही नसतं म्हणाले, हाताला कळतं. मग मी आईचा हळद मोजायचा छोटा डिजिटल काटा आणला आणि त्यांना नेहमीसारखी लिदीची मूठ भरायला लावली. काट्यावर ठेवली. ओतून परत भरायला लावली. पाच वेळा केलं. पाच मुठींत आठ ग्रॅमचा फरक! मी चाट पडलो, आजोबा नुसते बघत होते, यात विशेष काय असा चेहरा करून. नंतर मात्र त्यांनाच गंमत वाटायला लागली. पावसाळ्यातल्या मातीला राख वेगळी लागते, नदीकडच्या मातीला वेगळी, हे आपणहून सांगत गेले. एका घमेल्याला काय काय, ते मी सगळं लिहून घेतलं, साध्या मराठीत, कुठलीही सांकेतिक भाषा न वापरता.

चार पानं भरली आहेत. आव्याचं पान अजून कोरं आहे. आवा कसा रचायचा, शेणी आणि लाकूड किती, धूर कुठल्या रंगाचा झाला की तोंड बुजवायचं, हे बसून सांगता येत नाही, पेटल्यावरच दाखवीन असं ते म्हणतात. दिवाळीनंतर पहिला आवा लागेल. तेव्हा मी चार दिवस गावी जाणार आहे. अटेंडन्सचं काय करायचं ते नंतर बघू.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)